नाव सुचवायचं कुणी?

दर वर्षी २५ जानेवारीच्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी जाहीर होते. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन उरकून घरी आलं, की चहा घेता घेता आपण ती यादी वाचतो. नट-नट्या, गायक, खेळाडू, उद्योगपती यांची नावं ओळखीचीच असतात. मधेच एखादं नाव असं येतं, की आपण थबकतो. कुठल्या तरी आडगावची बाई, डोक्यावर पदर, पायात चप्पलही नाही. आपल्याला भरून येतं. ‘‘बघा, दिल्लीतल्या लोकांना कशी बरोबर माणसं सापडतात!’’ असं म्हणून आपण पेपर बाजूला ठेवतो आणि स्वयंपाकाला लागतो.

मैत्रिणींनो, माणसं अशी आपोआप सापडत नसतात. कुणी तरी त्यांचं नाव आधी कागदावर लिहिलेलं असतं. ते ‘कुणी तरी’ म्हणजे आमदार, खासदार, कलेक्टर असंच असलं पाहिजे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते तुम्ही असू शकता, मी असू शकते. आमच्या महिला मंडळात मी हे सांगितलं, तेव्हा निम्म्या जणींना ते खरंच वाटेना. ‘‘आपण सुचवलेलं कोण ऐकतंय?’’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. म्हणूनच आज या विषयावर जरा सविस्तर लिहायचं ठरवलं.

पद्म पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. पद्मविभूषण, पद्मभूषण आणि पद्मश्री अशा त्यांच्या तीन पायऱ्या. जात, धर्म, व्यवसाय, पद, स्त्री-पुरुष असा कुठलाही भेद न करता ते कुणालाही मिळू शकतात. सरकारी नोकरीत असलेल्यांना मात्र ते मिळत नाहीत, त्यातही डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांना सूट आहे. कोणताही नागरिक कुणाचंही नाव सुचवू शकतो, अगदी स्वतःचंसुद्धा! पूर्वी हे अर्ज कागदावर जात. आता ते फक्त केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन भरावे लागतात. मुदत उन्हाळ्याच्या सुमारास सुरू होते. २०२५ च्या पुरस्कारांसाठी ती १ मे ते १५ सप्टेंबर २०२४ अशी होती. तारखा दर वर्षी थोड्या मागेपुढे होतात, म्हणून पेपरमधल्या सूचनेवर लक्ष ठेवायचं. अर्ज भरायला पैसे पडत नाहीत, ओळख लागत नाही. लागतात ते शब्द. त्या माणसानं काय काम केलं, हे जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायचं असतं.

आलेल्या नावांचा विचार करायला पंतप्रधान दर वर्षी एक समिती नेमतात. कॅबिनेट सचिव तिचे अध्यक्ष असतात. गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा मान्यवर व्यक्ती तिच्यात असतात. समितीची शिफारस पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे जाते. मरणोत्तर पुरस्कार आणि परदेशी, परदेशस्थ व्यक्ती सोडल्या, तर वर्षाला १२० हून अधिक पुरस्कार द्यायचे नाहीत, असा नियम आहे. एवढ्या मोठ्या देशात १२० म्हणजे किती कमी, हे काही मी सांगायला नको.

आता यातल्या बायका किती? २०२४ साली १३२ मानकऱ्यांमध्ये ३० महिला होत्या. २०२५ साली १३९ मध्ये २३. अर्ज मागवताना सरकार दर वर्षी आवर्जून सांगतं, की महिला, दुर्बल घटक, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांच्यातली गुणी माणसं शोधून त्यांची नावं पाठवा. तरीही आकडा असा का? बायका काम करत नाहीत म्हणून? की त्यांचं काम कुणी लिहूनच ठेवत नाही म्हणून?

कॅलेंडरच्या मागची पानं

आमच्या तालुक्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला माणसं जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि सगळं बिऱ्हाड कारखान्याच्या फडावर जातं. मागे राहिलेल्या मुलांना बघायला कुणी नसलं, की तीही आईबापाबरोबर जातात आणि शाळा सुटते. सरकारची हंगामी वसतिगृहं पुढे आली. त्याच्याही आधीपासून एका मावशी आपल्या दोन खोल्यांच्या घरात अशी मुलं ठेवून घेत होत्या. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण पेपरात नाव आलेलं त्यांना आवडणार नाही. त्यांचा नवरा लवकर गेला. शिलाई मशीनवर पोट. आईबाप जाताना ज्वारीचं पोतं टाकून जायचे आणि पाडव्याला नाही तर अक्षय्य तृतीयेला परत यायचे. तोवर मुलांचं खाणं, आजारपण, शाळा, अभ्यास, उवा काढणं, सगळं मावशींकडे.

त्यांचं नाव पाठवायचं आम्ही चौघी-पाच जणींनी ठरवलं. अर्ज उघडला आणि लक्षात आलं, की आपल्याला त्यांच्याबद्दल सगळं माहीत आहे, पण लिहिण्यासारखं काहीच माहीत नाही. कोणत्या साली सुरू केलं? ‘‘मोठा पोरगा चौथीत व्हता तवा.’’ किती मुलं राहिली? ‘‘मोजलीत का कधी? पोरं काय मोजायची असत्यात व्हय?’’ काही फोटो, बातमी, प्रमाणपत्र? काहीच नाही. ‘‘आन् मी काय मोठं केलं वं? माज्या घरात चूल तर पेटणारच व्हती.’’

या शेवटच्या वाक्यापाशी आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं काम संपून जातं. चूल पेटणारच होती, मशीन चालणारच होतं, त्यात आणखी दहा मुलं वाढली तर त्याला काम कसं म्हणायचं?

वाट सापडली ती त्यांच्या ट्रंकेत. तिथे जुनी कॅलेंडरं गुंडाळून ठेवलेली होती. पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं हिशेब होता. कुणाच्या बापानं किती पायली ज्वारी दिली, कोणत्या तारखेला गेला, कधी परत आला, मुलाला ताप आला तेव्हा औषधाला किती गेले. परत आलेल्या आईबापांना हिशेब दाखवता यावा, एवढ्यासाठी ते लिहिलेलं होतं. उरलेली ज्वारीसुद्धा मापून परत केल्याच्या नोंदी होत्या. आम्ही आठ दिवस बसून ती पानं उतरवून काढली. बावीस वर्षांची कॅलेंडरं निघाली. काही मधली उंदरांनी खाल्लेली. तरी शे-सव्वाशे मुलांची नावं सापडली. मग त्या मुलांचा शोध सुरू झाला. एक जण एसटीत कंडक्टर, एक मुलगी नर्स, दोघं शिक्षक. काही मात्र पुढे स्वतःच कोयता घेऊन फडावर गेलेले. तेही लिहिलं, कारण तेही खरं होतं.

मसुदा तयार झाला आणि मी तो मावशींना वाचून दाखवला. आमच्यातल्या एकीनं मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, ‘उपाशी बालकांना त्यांनी वर्षानुवर्षे अन्नदान केले.’ मावशींनी तिथेच थांबवलं. ‘‘अन्नदान कसलं? जवारी त्यांच्या मायबापाचीच व्हती. मी निस्ती भाजून घातली. त्यांच्या मायबापाला भिकारी करू नका.’’

आम्ही ते वाक्य काढलं. त्या जागी लिहिलं, ‘आईवडिलांनी दिलेल्या धान्यावर मुले राहत. राहण्याचे व सांभाळण्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.’ वाक्य साधं झालं, पण काम पहिल्यापेक्षा मोठं दिसू लागलं.

पहिल्या वर्षी यादीत त्यांचं नाव आलं नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा पाठवलं. पुरस्कार मिळेल की नाही, कोण जाणे. पण ती नावं आता वहीत आहेत, ट्रंकेत नाहीत.

पत्रात गळलेलं नाव

बाईचं नाव कागदावर न येणं हे काही फक्त आपल्याच गावात होतं असं नाही. मादाम क्युरी आपण शाळेत वाचल्या. १९०३ साली पदार्थविज्ञानाच्या नोबेलसाठी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीतल्या चार सदस्यांनी जे पत्र पाठवलं, त्यात आंरी बेकरेल आणि पिएर क्युरी अशी दोनच नावं होती. ज्या संशोधनात मेरीचा एवढा मोठा वाटा होता, त्यातून तिचंच नाव गळलेलं! स्वीडनमधले गणितज्ञ मिताग-लेफ्लर यांच्या हे ध्यानात आलं आणि त्यांनी पिएरला कळवलं. स्त्रियांनी विज्ञानात पुढे यावं, यासाठी झटणारा हा माणूस. सोफिया कोवालेव्हस्काया या रशियन गणितज्ञ बाईंना स्टॉकहोममध्ये प्राध्यापक म्हणून आणण्यामागेही तेच होते. पिएरनं उलट टपाली लिहिलं, की विचार करायचा असेल तर आम्हा दोघांचा मिळून व्हावा. शेवटी पुरस्कार तिघांना मिळाला. पुढे १९११ साली मेरीला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते एकटीला.

विचार करा, एवढ्या थोर संशोधक बाईलाही कुणी तरी ‘अहो, हिचं नाव राहिलं’ असं म्हणावं लागलं. नोबेलसाठी स्वतःचं नाव स्वतः पाठवता येत नाही. दुसऱ्यानंच सुचवावं लागतं. आपल्याकडेही विज्ञानातले, विद्यापीठातले अनेक मान असे आहेत, की संस्थेच्या प्रमुखानं नाव पाठवल्याशिवाय पुढे जात नाहीत. मग प्रयोगशाळेत रात्र-रात्र बसणारी बाई साहेबांच्या लक्षात आली पाहिजे, एवढ्यावर सगळं येऊन ठेपतं.

आपलं आपण कसं लिहायचं?

काही ठिकाणी मात्र दार उघडलेलं आहे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून दिले जातात. ५ सप्टेंबरला, शिक्षक दिनी, राष्ट्रपतींच्या हस्ते. प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि ५० हजार रुपये असं त्याचं स्वरूप आहे. २०१८ पासून शिक्षक स्वतःच ऑनलाइन अर्ज करू शकतात. आधी जिल्ह्याची समिती, मग राज्याची, मग देशपातळीवरची अशी चाळण लागते. म्हणजे मुख्याध्यापकांची मर्जी, पुढाऱ्याचं पत्र हे आता आड येत नाही.

माझ्या ओळखीच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना मी म्हटलं, ‘‘तुम्ही भरा की अर्ज.’’ वाडीवरच्या मुली सातवीनंतर शाळा सोडू नयेत म्हणून त्या दारोदार फिरतात. त्या म्हणाल्या, ‘‘अहो ताई, आपल्याच तोंडानं आपलं कौतुक? लोक काय म्हणतील?’’ त्याच शाळेतले एक सर मात्र दर वर्षी फाइल घेऊन तयार असतात. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, काम केलंय तर सांगावं. पण बाईंना लहानपणापासून ‘मी-मी करू नये’ हेच शिकवलेलं असतं. आपल्या कामाची माहिती देणं आणि आपली टिमकी वाजवणं, यांत फरक आहे. मुली किती होत्या, किती टिकल्या, त्यासाठी काय केलं, ही माहिती झाली. ती लिहायला लाजायचं कारण नाही. आणि आपल्या मैत्रिणीला लाज वाटत असेल, तर शेजारी बसून तिच्याकडून लिहवून घ्यायचं काम आपलं!

आपल्या महाराष्ट्रातली जुनी उदाहरणं आठवा. बोर्डी आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी, बालवाडी फुलवणाऱ्या ताराबाई मोडक यांना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या अनुताई वाघ यांना १९८५ साली पद्मश्री. अलीकडच्या राहीबाई पोपेरे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. शाळेची पायरीही न चढलेल्या. गावरान बियाणं जपलं म्हणून २०२० च्या यादीत त्यांचं नाव आलं आणि करोनामुळे लांबलेला सोहळा नोव्हेंबर २०२१ मध्ये झाला. घरातली बी राखण हे आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेलं काम. राहीबाईंनी ते नेटानं केलं, वाढवलं, आणि बाएफसारखी संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली म्हणून ते जगापुढे आलं. कामाच्या मागे असं कुणी तरी उभं राहावं लागतं.

लिहायचं कसं?

आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगते. एक, विशेषणं कमी करा. ‘समाजभूषण’, ‘आदर्श माता’, ‘त्यागमूर्ती’ या शब्दांनी वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. कुठे, कधीपासून, कुणासाठी, किती जणांसाठी, हे लिहा. दोन, त्या कामामुळे काय बदललं ते सांगा. ‘व्यसनमुक्तीचं काम केलं’ यापेक्षा ‘गावातलं दारू दुकान अमुक साली ग्रामसभेच्या ठरावानं बंद झालं’ हे वजनदार. तीन, कागद जमवा. ग्रामपंचायतीचा ठराव, जुना फोटो, शाळेचा दाखला, बचत गटाची वही, अगदी कॅलेंडरचं पानसुद्धा. चार, नाव नीट तपासा. आधार कार्डावर एक, रेशन कार्डावर दुसरं, माहेरचं तिसरं आणि गाव ओळखतं चौथ्याच नावानं, अशी आपली गत असते. ते आधी जुळवून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या बाईला विचारा. लिहिलेलं तिला वाचून दाखवा. तिच्या आयुष्याबद्दल काय सांगायचं आणि काय नाही, हा हक्क तिचा आहे. नवऱ्यानं टाकलेली, विधवा, गरीब, असं दुःख रंगवून तिचं काम मोठं होत नाही. काम मुळातच मोठं असतं.

‘आपली निवड झाली आहे’

एक सावधगिरीची सूचना. हल्ली बचत गटाच्या, मंडळाच्या बायकांना फोन येतात. ‘‘मॅडम, अमुक रत्न पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे. फक्त नोंदणी शुल्क भरा.’’ मग पाच-सात हजार रुपये, वर प्रवासखर्च आपला, आणि हातात फेटा, शाल आणि मानचिन्ह. एकाच दिवशी एकाच हॉलमध्ये शंभर ‘रत्नं’! आमच्या इथल्या एका भगिनीनं गटातून कर्ज काढून असा पुरस्कार घेतला. खरा सन्मान पैसे मागत नाही, हे लक्षात ठेवा.

पद्म पुरस्काराबरोबर तर पैसे मिळतही नाहीत. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक, बस्स. शिवाय तो काही किताब नव्हे. आपल्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमानं किताब रद्द केलेले आहेत. पद्म पुरस्कार नावाच्या आधी किंवा नंतर पदवीसारखे लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानंही १९९५ साली स्पष्ट केलं. आपल्याकडच्या निमंत्रणपत्रिकांवर मात्र ‘पद्मश्री’ आधी आणि नाव नंतर छापलेलं असतं, ते सोडा!

वही करू या

मग पुरस्कारासाठीच का ही सगळी खटपट? मला विचाराल तर पुरस्कार हे निमित्त आहे. दिल्लीपर्यंत नाही गेलं, तरी जवळची दारं आहेत. २०२३ साली राज्य सरकारनं प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन कर्तबगार महिलांचा अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं, त्यांच्या जयंतीला म्हणजे ३१ मे रोजी सन्मान करायचं ठरवलं. तुमच्या गावात ती दोन नावं कुणी सुचवली? सरपंचांच्या घरातलीच दोन नावं लागली असतील, तर त्याला आपलं गप्प बसणंही कारणीभूत आहे. ग्रामसभेला जा आणि नाव घेऊन बोला.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपली हळदीकुंकवं चालतात. त्याच दिवसांत पद्मची यादी येते. यंदा वाणाबरोबर एक दोनशे पानी वही फिरवून बघा. प्रत्येकीनं आपल्या गल्लीतल्या, वाडीतल्या एका बाईचं नाव आणि तिचं काम लिहायचं. सुईण असेल, भजन शिकवणारी असेल, स्मशानापर्यंत बेवारशांना पोचवणारी असेल. तारखेसह लिहायचं. वर्षभरात ती वही भरेल आणि अर्जाची मुदत सुरू होईल, तेव्हा शोधाशोध करावी लागणार नाही.

आमच्या वहीत या घडीला सतरा नावं आहेत. त्यातल्या अकरा जणींनी ‘मी काय मोठं केलं?’ असं विचारलंय. त्याचं उत्तर आपल्यालाच लिहायचं आहे, आठशे शब्दांत!